हळू बोलणारी गिटार

बार्सिलोनाच्या वाद्यसंग्रहालयात एक विचित्र गिटार आहे. तिची पाठ आणि कडा लाकडाच्या नाहीत, कागदाच्या लगद्याच्या आहेत. आन्तोनिओ दे तोर्रेस या सुताराने ती 1862 मध्ये बनवली. त्याला एक वाद मिटवायचा होता. गिटारचा आवाज घडतो तो पुढच्या पातळ फळीत, म्हणजे मिरजेचे सतारमेकर जिला तबली म्हणतात तिच्यात, असे त्याचे मत होते. बाकीची पेटी केवळ तिला आधार देते. हे सिद्ध करण्याचा सगळ्यात सरळ मार्ग त्याने निवडला. तबली उत्तम लाकडाची घेतली आणि उरलेले सगळे कागदावर भागवले.

तोर्रेस 1817 मध्ये स्पेनच्या दक्षिणेला, आल्मेरियाजवळ जन्मला. बारा वर्षांचा असताना सुतारकामाला लागला आणि पुढे सेव्हियात येऊन गिटारी बनवू लागला. त्याच्या आधीच्या गिटारी लहान, अरुंद कमरेच्या आणि बारीक आवाजाच्या असत. त्याने पेटी मोठी केली आणि तबली पातळ ठेवली. पातळ फळी तारांच्या ताणाने वाकू नये म्हणून तिच्या पोटाशी लाकडाच्या सात बारीक पट्ट्या पंख्यासारख्या पसरून चिकटवल्या. पंखा त्याच्या आधीही काही कारागिरांनी वापरला होता, पण मापे बसवली त्याने. तारेची बोलती लांबी 650 मिलिमीटर धरावी, हा हिशेबही त्याच्याच गिटारींमुळे रूढ झाला. आज जगात कुठेही क्लासिकल गिटार विकत घेतली तर बहुधा तेच माप हातात येते. 1858 मध्ये सेव्हियाच्या प्रदर्शनात त्याला पदक मिळाले. पदकाने पोट मात्र भरले नाही. पुढे आल्मेरियाला परतून त्याने चिनी मातीच्या भांड्यांचे दुकान काढले आणि काही वर्षांनी गिटारी पुन्हा जोडधंदा म्हणून सुरू केल्या.

कागदी गिटारीने वाद मिटायला हवा होता, पण गिऱ्हाइकांनी तो मिटू दिला नाही. पाठ आणि कडांसाठी ब्राझीलचे शिसवच हवे, असा हट्ट पुढची शंभर वर्षे टिकला. 1960 च्या दशकात ब्राझीलने ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधने आणली, तेव्हा माद्रिदच्या आणि अमेरिकेच्या कारखान्यांनी भारतीय शिसवाकडे मोर्चा वळवला. आपल्याकडे जुन्या वाड्यांतले झोपाळे आणि पलंग ज्या लाकडाचे, तेच हे सह्याद्रीतले झाड. 1992 मध्ये ब्राझिलियन शिसवाचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंदच झाला आणि भारतीय शिसव हीच मान्य निवड ठरली. मग 2018 मध्ये इंग्लंडच्या लँकेस्टर विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने एक चाचणी प्रसिद्ध केली. सहा गिटारी, पाठीचे लाकूड तेवढे वेगवेगळे, आणि वादकांच्या डोळ्यांवर काळे चष्मे. गिटारी पोलादी तारांच्या होत्या, पण प्रश्न तोर्रेसचाच होता. कोणती पाठ महागाच्या लाकडाची, हे वादकांना आवाजावरून काही नीट ओळखता आले नाही.

इथे थोडा खुलासा हवा. मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे गिटार म्हटले की येते ती पोलादी तारांची, त्रिकोणी पिकने वाजवायची, ऑर्केस्ट्रातली किंवा कॉलेजच्या गॅदरिंगमधली. दुसरी आठवते ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी फिरवायची हवाईयन, जिच्यावर ब्रिजभूषण काबरा यांनी राग वाजवले. क्लासिकल गिटार या दोन्हींहून वेगळी आहे. तिच्या तारा नायलॉनच्या, गळा रुंद, आणि वाजवायची ती बोटांनी. वादक डावा पाय छोट्या चौरंगीवर ठेवतो आणि गिटार डाव्या मांडीवर टेकवतो. उजव्या हाताचा अंगठा खर्जाच्या तारा सांभाळतो, उरलेली तीन बोटे सूर आणि मधला भराव वाजवतात. करंगळी सहसा बेकार. एकटा माणूस एकाच वेळी दोन-तीन स्वरांच्या ओळी चालवतो, आणि याच करामतीसाठी लोक या वाद्याच्या नादी लागतात. पण तिची एक अडचण पहिल्यापासून होती. तिचा आवाज लहान होता. शिवाय तार छेडली की सूर लगेच मावळू लागतो. तिच्या कारागिरांनी, वादकांनी आणि रचनाकारांनी चारशे वर्षे जे जे केले, त्यातले बरेचसे या अडचणीशी झटण्यासाठी केले.

सोळाव्या शतकात स्पेनच्या दरबारी मान होता तो विहुएलाला. दिसायला गिटारसारखी, पण सूर लावण्याची पद्धत ल्यूट या वाद्याची. लुईस दे मिलानने तिच्यासाठी लिहिलेले पुस्तक 1536 मध्ये व्हॅलेन्सियात छापले गेले. आलोन्सो मुदार्राच्या 1546 च्या संग्रहात विहुएलाच्या रचनांच्या जोडीला चार जोडतारांच्या छोट्या गिटारच्या काही रचना आहेत, आणि छापील रूपात हाती आलेले गिटारचे सगळ्यात जुने संगीत तेच. हे सगळे आकड्यांच्या लिपीत लिहिलेले असे. आडव्या रेघा म्हणजे तारा आणि रेघेवरचा आकडा म्हणजे कितव्या पडद्यावर बोट ठेवायचे ते. स्वरलिपी न येणाऱ्यालाही त्यावरून वाजवता येई.

पुढे विहुएला मागे पडली आणि पाच जोडतारांची गिटार घरोघर शिरली. शिष्टांना ते रुचले नाही. कोव्हार्रुबियास या कोशकाराने 1611 च्या आपल्या स्पॅनिश शब्दकोशात गिटारच्या नोंदीतच नाराजी काढली आहे. तबेल्यातला पोऱ्यासुद्धा हल्ली गिटार वाजवतो, असा त्याच्या तक्रारीचा सूर. शब्दकोशात माणूस इतका चिडलेला सहसा सापडत नाही. त्याची तक्रार खोटी मात्र नव्हती, कारण ही गिटार मुख्यतः सगळ्या तारांवरून हात झटकून नाचगाण्याला ठेका देण्यासाठी होती. गास्पार सान्सने 1674 मध्ये सारागोसात काढलेल्या पुस्तकात हा झटका आणि एकेक तार छेडणे या दोन्ही रीती शिकवल्या. तिकडे फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः गिटार वाजवायचा आणि गिटारवादक रोबेर द विझे त्याच्या दरबारी होता. व्हायोलिनसाठी प्रसिद्ध असलेल्या स्त्रादिव्हारीनेही गिटारी बनवल्या होत्या, त्यांपैकी एक ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात पाहायला मिळते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जोडतारा गेल्या, सहा सुट्या तारा आल्या, आणि गिटारला पहिल्यांदा सुगीचे दिवस दिसले. बार्सिलोनाचा फर्नांदो सोर (1778–1839) मोन्सेर्रातच्या मठात गाणे शिकला होता. स्पेनवर फ्रेंचांचा अंमल आला तेव्हा तो त्यांच्या बाजूने राहिला. 1813 मध्ये फ्रेंच हरून निघाले, त्यांच्याबरोबर त्यालाही देश सोडावा लागला. मग पॅरिस, लंडन, मॉस्को. मॉस्कोत 1825 मध्ये बोल्शोई नाट्यगृहाची नवी इमारत उघडली तेव्हा सोरचाच सिंड्रेलाच्या गोष्टीवरचा बॅले झाला. गिटारवाल्यांना मात्र तो आठवतो मोझार्टच्या ‘जादूची बासरी’ या ऑपेरातल्या एका चालीवर केलेल्या विस्तारांसाठी, आणि गोड वाटणाऱ्या पण बोटांची परीक्षा घेणाऱ्या अनेक अभ्यासपाठांसाठी. व्हिएन्नात मौरो जुलियानी हा इटालियन गाजत होता. 1808 मध्ये त्याने ऑर्केस्ट्राबरोबर आपला गिटार कॉन्चेर्तो वाजवला. गिटार ऑर्केस्ट्राला तोंड देऊ शकते, हे त्या काळी धाडसाचे विधान होते.

सोर नखे कापून बोटांच्या मांसल टोकांनी वाजवी. त्याचा मित्र दिओनिसिओ आग्वादो नखांनी वाजवी. नखाने आवाज लख्ख आणि मोठा निघतो, बोटाने गोल आणि लहान. सरोदियांमध्येही डाव्या हाताने तार दाबताना नख की बोटाचे टोक हा वाद जुना आहे, त्यामुळे आपल्या रसिकांना या भांडणाची चव कळावी. गंमत म्हणजे सोर आणि आग्वादो पॅरिसमध्ये एकाच निवासात राहत. सोरने दोघांनी मिळून वाजवायची एक जोडरचना केली, तिला ‘दोन मित्र’ असे नाव दिले आणि ती आग्वादोला अर्पण केली.

तेवढ्यात पियानो मोठा झाला. ओतीव लोखंडाची चौकट आली, सभागृहे विस्तारली, ऑर्केस्ट्रे फुगले. गिटार पुन्हा दिवाणखान्यात गेली. तिच्यावर दुसरेही एक ग्रहण होते. बर्लिओझ हा फ्रेंच रचनाकार पियानो वाजवत नसे, गिटार वाजवी. त्याने आपल्या वाद्यवृंदरचनेच्या ग्रंथात बजावून ठेवले की स्वतः वाजवता येत नसेल तर गिटारसाठी नीट लिहिणे जवळजवळ अशक्य. निदान आहे ते बरोबर. एकच स्वर चार-पाच ठिकाणी सापडतो, कुठली बोटे कुठे पोचतील हे कागदावर कळत नाही. पण परिणाम असा झाला की गिटारसाठी गिटारवालेच लिहीत राहिले. बेथोव्हन, शोपाँ, ब्राह्म्स यांच्याकडून तिला काही मिळाले नाही.

फ्रान्सिस्को तार्रेगा (1852–1909) याच कोंडीत जन्मला. लहानपणी तो पाटात पडला आणि त्याचे डोळे अधू झाले. मुलगा आंधळा झाला तर निदान संगीतावर पोट भरेल, म्हणून वडिलांनी त्याला शिकायला घातले, आणि त्याचे पहिले दोन्ही गुरू अंधच होते. सतराव्या वर्षी तो सेव्हियात तोर्रेसच्या दुकानात गेला. तोर्रेसने आधी त्याला साधी गिटार पुढे केली आणि वादन ऐकल्यावर स्वतःसाठी राखून ठेवलेली 1864 ची गिटार बाहेर काढली, असे सांगतात. कथा जराशी सजवलेली असेल, पण तार्रेगाने ती गिटार पुढे वर्षानुवर्षे वाजवली.

तार्रेगाने दोन कामे केली. पहिले, दुसऱ्या वाद्यांचे संगीत गिटारवर आणले. बाख, शोपाँ आणि त्याच्याच काळातला आल्बेनिस. आल्बेनिसचे पियानोसंगीत स्पॅनिश गिटारच्या झटक्यांवरूनच सुचलेले होते, त्यामुळे ते गिटारवर येताच घरी परतल्यासारखे वाटू लागले. दुसरे काम म्हणजे ‘आल्हाम्ब्राच्या आठवणी’ ही रचना. हिच्यात अंगठा खाली संथ चालतो आणि वर अनामिका, मधले बोट, तर्जनी एकाच तारेवर पाठोपाठ इतक्या झपाट्याने पडतात की तुटक स्वर सलग गाऊ लागतात. मावळणाऱ्या सुरावरचा इतका सुंदर तोडगा दुसरा नाही. आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात त्याने नखे कापली आणि आवाज आणखीच लहान केला. त्याला मोठ्या सभागृहांचे आकर्षण नव्हते, चार मित्र बसलेली खोली पुरे होती. त्याच्या 1902 च्या एका वॉल्झमधला काही सेकंदांचा तुकडा पुढे नोकियाची रिंगटोन झाला आणि भारतातल्या एसटी स्टँडांपर्यंत पोचला. नाव न कळता इतक्यांनी ऐकलेला गिटारवादक दुसरा नसेल.

तार्रेगाचा शिष्य मिगेल ल्योबेत रचनाकार मान्युएल दे फाय्यामागे एका रचनेसाठी लागला होता. 1920 मध्ये एका फ्रेंच मासिकाने देब्युसीच्या स्मरणार्थ अंक काढला, त्याच्यासाठी फाय्याने गिटारचा एक छोटा, काळोखा तुकडा लिहिला. वाजायला चार मिनिटेही लागत नाहीत. फाय्या गिटारवादक नव्हता. बर्लिओझचा इशारा इथे पहिल्यांदा पुरता खोटा ठरला.

आणि मग आंद्रेस सेगोव्हिया. 1893 मध्ये लिनारेस गावात जन्म, बालपण काका-काकूंकडे, गिटारचे शिक्षण स्वतःचे स्वतः. माद्रिदच्या मैफलीसाठी चांगली गिटार हवी म्हणून तो मान्युएल रामिरेसच्या दुकानात गेला आणि भाड्याने मागू लागला. पियानो भाड्याने मिळतो, मग गिटार का नाही, हा त्याचा सवाल. वादन ऐकून रामिरेसने 1912 ची ती गिटार त्याला पैसे न घेता दिली, अशी आठवण सेगोव्हिया सांगत असे. पुढे 1937 पासून तो म्युनिकच्या हेरमान हाउझरने बनवलेली गिटार वाजवू लागला. या दोन्ही गिटारी आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयात आहेत.

सेगोव्हियाचा हिशेब साफ होता. गिटारला मोठ्या सभागृहात न्यायचे, आणि त्यासाठी नव्या रचना गिटार न वाजवणाऱ्यांकडून मागून आणायच्या. मोरेनो तोर्रोबा, तुरिना, मेक्सिकोचा पोन्से, इटलीचा कास्तेल्नुओव्हो-तेदेस्को यांच्याकडून त्याने त्या मिळवल्या. ब्राझीलच्या व्हिला-लोबोसने बारा अभ्यासपाठ लिहून त्याला अर्पण केले, आणि व्हिला-लोबोस तर गिटार वाजवणाराच होता. 1935 मध्ये पॅरिसमध्ये सेगोव्हियाने बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली प्रचंड शाकोन गिटारवर सादर केली. हजारोंच्या सभागृहात तो मायक्रोफोन घेत नसे, श्रोत्यांनी श्वास आवरावा अशी त्याची अपेक्षा असे, आणि ते आवरीत.

त्याचा एक खोडसाळपणाही नोंदवायला हवा. पोन्सेने जुन्या शैलीत एक मालिका लिहिली आणि दोघांनी ती बाखचा समकालीन ल्यूटवादक वाइस याची म्हणून खपवली. कित्येक वर्षे ती त्याच नावाने वाजली. पण थट्टा सोडली तर सेगोव्हियाचा कान जुन्याकडेच झुकलेला होता. स्विस रचनाकार फ्राँक मार्तँने 1933 मध्ये त्याच्यासाठी लिहिलेले चार तुकडे त्याने बाजूला ठेवले, आज ते विसाव्या शतकातल्या उत्तम गिटाररचनांत मोडतात. पॅराग्वायचा आगुस्तिन बारियोस तर त्याला मानवलाच नाही. बारियोस धातूच्या तारा वाजवी आणि काही काळ ग्वारानी आदिवासी सरदाराचा पिसांचा पोशाख घालून, आगुस्तिन हे नाव उलटे करून ‘नित्सुगा’ मांगोरे या नावाने रंगमंचावर येई. त्याची ‘कॅथीड्रल’ ही 1921 ची रचना आज विद्यार्थ्यांच्या स्पर्धांत हटकून ऐकू येते. सेगोव्हियाच्या प्रचंड ध्वनिमुद्रणसंग्रहात बारियोस नाही. 1944 मध्ये बारियोस एल साल्वादोरमध्ये वारला. त्याला जगासमोर आणले ते 1977 मध्ये गिटारवादक जॉन विल्यम्सच्या तबकडीने.

तारांची गोष्ट युद्धाने बदलली. तोवर वरच्या तीन तारा तातीच्या, म्हणजे जनावराच्या आतड्याच्या असत. हवा दमट झाली की त्या सैल पडत, भर मैफलीत तुटत. दुसऱ्या महायुद्धात ही तात शस्त्रक्रियेच्या टाक्यांसाठी लागू लागली आणि वादकांना मिळेनाशी झाली. न्यूयॉर्कमधल्या आल्बर्ट ऑगस्टिन या कारागिराने नायलॉनच्या धाग्यावर प्रयोग केले, सेगोव्हियाने ते वाजवून पाहिले, आणि 1940 च्या दशकाच्या अखेरीस नायलॉनच्या तारा बाजारात आल्या. तातीचा कोवळा खरखरीत गोडवा गेला. बदल्यात वादकाला सूर टिकण्याची खात्री मिळाली, आणि तीही स्वस्तात.

या काळातली सगळ्यात प्रसिद्ध रचना मात्र सेगोव्हियासाठी लिहिलेली नव्हे, ती होआकीन रोद्रिगोची. रोद्रिगो तीन वर्षांचा असताना घटसर्पाने आंधळा झाला. तो पियानो वाजवी, गिटार नाही. ‘कोन्सिएर्तो दे आरान्हुएस’ हा गिटार आणि ऑर्केस्ट्राचा कॉन्चेर्तो त्याने पॅरिसमध्ये ब्रेलमध्ये लिहिला आणि 1939 मध्ये युद्ध पेटण्याच्या सुमारास हस्तलिखित घेऊन स्पेनला परतला. 9 नोव्हेंबर 1940 ला बार्सिलोनात रेहिनो साइन्स दे ला मासाने तो पहिल्यांदा वाजवला. मधल्या संथ भागात इंग्लिश हॉर्न एक लांब, विव्हळणारी ओळ गातो आणि गिटार तिच्यावर हरकती घेत उत्तर देते. या भागामागे पहिले मूल जन्मण्याआधीच गमावल्याचे दुःख होते, असे त्याची पत्नी व्हिक्टोरिया कामी हिने पुढे आत्मचरित्रात लिहिले. रोद्रिगोची कारागिरी पाहायची तर वेगळ्या कानाने ऐकावे लागते. गिटार बोलत असताना ऑर्केस्ट्रा एक तर गप्प असतो, नाहीतर दोन-तीन वाद्यांपुरता उरतो. हळू बोलणाऱ्या माणसाचे म्हणणे सभेत कसे ऐकवावे, हे त्याला गिटार न वाजवताच कळले होते. 1960 मध्ये जाझवादक माइल्स डेव्हिसने हीच चाल ट्रंपेटवर घेतली. सेगोव्हियाने आरान्हुएस कधी वाजवला नाही. त्याच्यासाठी रोद्रिगोने 1954 मध्ये वेगळी रचना लिहिली, तिच्यातल्या चाली गास्पार सान्सच्या 1674 च्या पुस्तकातल्या.

लंडनचा ज्युलियन ब्रीम (1933–2020) रॉयल कॉलेजात शिकला तो पियानो आणि चेलो, कारण गिटार तिथे विषयच नव्हता. त्याने सेगोव्हियाने न ठोठावलेली दारे ठोठावली. 1963 मध्ये बेंजामिन ब्रिटनने त्याच्यासाठी ‘नॉक्टर्नल’ लिहिले. साधारण रचनेत आधी मूळ चाल येते आणि मग तिचे विस्तार. इथे उलटे आहे. आधी अस्वस्थ झोपेसारखे विस्तार येतात आणि सगळ्यात शेवटी जॉन डाउलंड या ल्यूटवादकाचे साडेतीन शतकांपूर्वीचे मूळ गाणे उघडे पडते. ब्रिटनही गिटार वाजवत नव्हता. वॉल्टन, टिपेट, जपानचा ताकेमित्सु यांनीही ब्रीमसाठी लिहिले. क्यूबाचा लिओ ब्रोवर स्वतः वादक असूनही गिटारला ढोलासारखी ठोकायला कचरला नाही.

आवाजाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, तो कारागिरांकडे परत गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेग स्मॉलमनने तोर्रेसचा पंखा टाकून देऊन तबलीच्या पोटाशी हलक्या लाकडाची, कार्बन तंतूंनी मढवलेली जाळी बसवली आणि तबली कागदासारखी पातळ केली. जॉन विल्यम्स 1980 च्या दशकापासून त्याचीच गिटार वाजवू लागला, वर गरज पडेल तिथे मायक्रोफोनही घेई. जर्मनीत माथियास डामान आणि गेर्नोट वाग्नर यांनी दोन पातळ फळ्यांमध्ये मधमाश्यांच्या पोळ्यासारखा कृत्रिम थर घालून दुहेरी तबली काढली. या गिटारी मोठ्याने बोलतात यात शंका नाही. त्यांचा आवाज सगळ्या तारांवर एकसारखा सपाट होतो, सुराचे रंग कमी होतात, अशी जाणकारांची कुरकुर आहे, आणि ती निराधार नाही. म्हणून ऑर्केस्ट्राबरोबर वाजवायला जाळीची आणि ध्वनिमुद्रणाला जुन्या घडणीची, अशा दोन गिटारी बाळगणारे वादक आहेत. तोर्रेसच्या 1864 च्या गिटारीची मापे घेऊन तिच्या नकला बनवणाऱ्या कारागिरांकडेही मागणी आहे. त्या गिटारींवर काही जण पुन्हा तातीच्या तारा चढवतात आणि तार्रेगा वाजवायला नखे कापून बसतात.